वेडी बाभूळ आणि हरवलेले कुरण

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुष्काळाची चाहूल लागली की गावोगावच्या जैन संस्थांत एक हालचाल सुरू होते. देणग्यांच्या पावत्या फाडल्या जातात, ट्रकचे भाडे ठरते आणि दूरवरून आणलेल्या कडब्याच्या पेंढ्या, वाळल्या गवताचे भारे पांजरापोळीच्या दारात येऊन पडतात. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाली; तिच्याही आधीपासून हे जीवदयेचे कार्य अनेक ठिकाणी अखंड चालत आले आहे. देणगीदाराचे नाव फलकावर लागते, ट्रकवाल्याचा हिशेब वहीत उतरतो. ते गवत कोणत्या जमिनीवर उगवले आणि ती जमीन आज कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

त्यासाठी प्रथम कच्छकडे वळणे उचित ठरेल. जैन समाजाला कच्छ नवा नाही. भद्रेश्वराचे प्राचीन तीर्थ तेथेच आहे आणि तेराव्या शतकातील भीषण दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणारा जगडूशहा त्याच भद्रेश्वरचा. ज्या भूमीने दुष्काळ इतक्या वेळा पाहिला, त्या भूमीतच एके काळी आशिया खंडातील उत्तम कुरणांत गणले जाणारे एक विस्तीर्ण कुरण होते. त्याचे नाव बन्नी.

भुज शहराच्या उत्तरेस, मोठ्या रणाच्या अलीकडे, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा सपाट प्रदेश आहे. कच्छच्या डोंगरांतून उत्तरेकडे वाहणाऱ्या लहान लहान नद्यांनी आणलेल्या गाळातून ही जमीन ‘बनली’ म्हणून ती बन्नी, असे तेथील लोक सांगतात. माती खारट, उंचवटा नावालाही नाही, पाऊस सरासरी तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर आणि तोही अत्यंत लहरी. अशा जमिनीत मोठी झाडे तुरळकच वाढतात. गवत मात्र वाढते, कारण गवताचे सारे शहाणपण मातीखाली असते. पाऊस आला की चार-सहा आठवड्यांत ते वाढून, फुलून, बी टाकून मोकळे होते. पाऊस नाही आला तर मुळांच्या आधारे वाट पाहते. ज्याला मराठीत मारवेल म्हणतात ते गवत बन्नीत ‘झिंझवो’ या नावाने ओळखले जाते. अंजन गवत तेथे आहे, दर्भ आहे आणि जिथे मीठ फार, तिथे केवळ खाऱ्या जमिनीत तगणारी गवतेही आहेत.

या गवतावर जगणारे लोक म्हणजे मालधारी. ‘माल’ म्हणजे गुरेढोरे आणि ते बाळगणारा तो मालधारी. बहुसंख्य मालधारी मुस्लिम आहेत. जत, मुतवा, हालेपोत्रा अशा त्यांच्या अनेक जमाती, आणि त्यांच्या शेजारी मेघवाळ समाजाची घरे. यांच्या गायी म्हणजे उंच शिंगांची, रुबाबदार कांकरेज, आणि म्हशी म्हणजे बन्नी म्हैस. या म्हशीची एक गोष्ट ऐकणाऱ्याला नवलाची वाटते. ती रात्री चरावयास जाते. दिवसाचे ऊन टाळून कळप सूर्यास्तानंतर स्वतःच कुरणात निघून जातो, रात्रभर चरतो आणि पहाटे दूध काढण्याच्या वेळेला आपापल्या दारात परत येतो. २०१० साली या म्हशीला देशातील स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. ही जात प्रयोगशाळेत निर्माण झाली नाही. पिढ्यान् पिढ्या मालधाऱ्यांनी निवडून, जपून ती घडवली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

आता या कथेतील दुसरे पात्र. मराठीत त्याला वेडी बाभूळ म्हणतात, काही भागांत चिलार. गुजरातीत ‘गांडो बावळ’, म्हणजे पुन्हा वेडी बाभूळच. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकाच झाडाला वेडे ठरवावे, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. २०२२ पासून काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला नेल्टुमा या वेगळ्या प्रजातीत घालतात. मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. दसऱ्याला जिची पूजा होते ती आपली शमी याच वृक्षाची जवळची नातलग आहे. शमीसाठी १७३० साली राजस्थानातील खेजडली गावी ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. एकाच कुळातील एक वृक्ष पूज्य आणि दुसरा उपद्रवी ठरावा, यात वृक्षाचा दोष काहीच नाही. शमी इथली आहे; तिच्या सावलीत पीक येते, तिच्यावर जगणारे कीटक, पक्षी, तिला खाणारी जनावरे आणि तिची मर्यादा ठरवणारे रोग हे सारे तिच्याबरोबरच घडले. वेडी बाभूळ मात्र आपले शत्रू सातासमुद्रापार सोडून एकटीच आली.

ती आपण होऊन आली नाही, तिला आणण्यात आले. १८७७ साली तिचे बी मद्रास इलाख्यातील कडप्पा भागात लावले गेले. सरपणाचा तुटवडा आणि उजाड जमीन या दोन्हींवर हा उत्तम उपाय आहे, असे त्या काळच्या वनाधिकाऱ्यांना वाटले. पुढे जोधपूर संस्थानात ती लावली गेली आणि १९४० मध्ये तर तिला ‘शाही वृक्ष’ म्हणून मान देण्यात आला. कच्छमध्ये रण पुढे सरकत आहे, खारेपणा कुरणाला गिळत आहे, या चिंतेपोटी १९६०-६१ च्या सुमारास वनविभागाने बन्नीच्या कडेने सुमारे ३१,५०० हेक्टरांवर हिची लागवड केली. या निर्णयाची आज थट्टा करणे सोपे आहे. परंतु चिंता खरी होती. १८१९ च्या भूकंपाने सिंधूचे गोडे पाणी कच्छपासून आधीच तोडले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरवाहिनी नद्यांवर धरणे बांधली गेली आणि जो गाळ व जे पाणी बन्नीची माती दरसाल धुऊन गोडी करीत असे, तेही अडले. खारेपणा वाढण्याचे मुख्य कारण पाण्यात होते. उपाय मात्र झाडात शोधला गेला.

झाडाने सोपवलेले काम केले नाही असेही म्हणता येत नाही. ते वाढले, हिरवे राहिले, वारा अडवला. फक्त ते कडेला थांबले नाही. त्याच्या शेंगा गोड असतात. दुष्काळात जेव्हा गवत नसते तेव्हा नेमक्या त्या झाडावर लटकलेल्या असतात आणि भुकेली जनावरे त्या आवडीने खातात. बीचे कवच इतके कठीण की ते पोटातून सहीसलामत बाहेर पडते. उलट पोटातील रसांनी ते नरम होऊन अधिक लवकर उगवते. शेणाचा पो हीच त्याची खतासह तयार रोपवाटिका. बन्नीची गुरे जिथे जिथे गेली तिथे तिथे वेडी बाभूळ गेली, आणि गवताच्या जोरावर जगणाऱ्या जनावरांनीच गवताचा शत्रू पेरला. जी जीवदया म्हणून दुष्काळात शेंगा गोळा करून जनावरांपुढे टाकण्यात आली, तिनेही हेच केले. आज बन्नीचा जवळपास निम्मा भाग कमी-अधिक दाट काटेरी झाडोऱ्याखाली आहे. दाट सावली, मातीतील पाण्याची ओढ आणि पानगळीतून उतरणारी रसायने यांमुळे त्याखाली गवत टिकत नाही.

गायींवर याचा परिणाम विलक्षण झाला. आहारात शेंगांचे प्रमाण फार वाढले तर त्यांतील विषारी द्रव्यांमुळे जबड्याच्या स्नायूंवरील ताबा जातो, जनावराला चावणे व रवंथ करणे अवघड होते आणि पुढ्यात चारा असूनही ते खंगते. कांकरेज गाय या शेंगा पचवू शकत नाही, म्हैस मात्र तग धरते, असे मालधाऱ्यांचे अनुभवाचे बोल आहेत. परिणामी ज्या बन्नीची ओळख एके काळी कांकरेज होती, तेथे कळपांत म्हशींची संख्या वाढली आणि गायी घटल्या. गोसेवेचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. येथे गाय कत्तलखान्यामुळे कमी झाली नाही. तिच्या पायाखालचे गवत गेले म्हणून ती कमी झाली.

मग हे झाड उपटून का टाकले नाही? या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या पोटाशी येऊन थांबते. गवत गेले, दूध घटले, तेव्हा अनेक कुटुंबांनी वेड्या बाभळीच्या लाकडाचा कोळसा पाडण्याचा व्यवसाय धरला. लाकूड रचून त्यावर गवत-मातीचे आवरण घालायचे, आत मंद विस्तव ठेवायचा आणि काही दिवसांनी कोळसा काढायचा. हा कोळसा दूरवरच्या शहरांत जातो. म्हणजे ज्या झाडाने उपजीविका हिरावली तेच उपजीविका होऊन बसले. शासनाचे धोरणही या बाबतीत हेलकावे खात राहिले. २००४ साली कोळसा पाडण्यावरील निर्बंध शिथिल झाले, झाड मुळासकट काढावे अशी अपेक्षा होती. २००८ मध्ये पुन्हा बंदी आली. अपेक्षा आणि व्यवहार यांत अंतर पडले, ते स्वाभाविक होते. बुंधा राखून वरचे लाकूड तोडले तर दोन-तीन वर्षांत पुन्हा तेवढेच लाकूड मिळते. मूळ खणायला कष्ट दुप्पट आणि पुढचे उत्पन्न शून्य. कोळसा पाडणाऱ्या गरीब माणसाने दुसरा पर्याय निवडावा असे सांगणे सोपे आहे, पण ते सांगणाऱ्याने त्याची रोजी भरून देण्याची तयारीही ठेवली पाहिजे.

येथे जैन श्रोत्याच्या मनात एक शंका निश्चित उद्भवते आणि तिला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. षट्जीवनिकायात वनस्पतिकाय आहे. वृक्ष एकेंद्रिय जीव आहे. हजारो वृक्ष मुळासकट उपटण्याच्या कार्याचे समर्थन एका जैन संस्थेच्या व्यासपीठावरून कसे करता येईल? शिवाय श्रावकाने जे पंधरा व्यवसाय वर्ज्य मानावेत असे श्रावकाचाराच्या ग्रंथांत सांगितले आहे, त्या कर्मादानांत पहिलेच अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडणे, आणि दुसरे वनकर्म, म्हणजे वन तोडून उपजीविका करणे. बन्नीत जे चालले आहे ते तर शब्दशः हेच.

या शंकेचे निर्णायक उत्तर देण्याचा अधिकार आचार्य-मुनींचा आहे. तरीही काही गोष्टी विचारार्थ मांडता येतात. पहिली अशी की, गवत हेही वनस्पतिकायच आहे. झाड डोळ्यांत भरते म्हणून त्याचा जीव मोठा आणि गवत पायाखाली येते म्हणून त्याचा जीव नगण्य, असा भेद शास्त्राने केलेला नाही. तो डोळ्यांनी केला आहे. कुरणाच्या एका चौरस मीटरमध्ये गवताचे जितके खोड आणि मूळ असते, तितकेच त्याच्या आश्रयाने राहणारे नाकतोडे, मुंग्या, कोळी, सरडे आणि जमिनीवर घरटे करणारे चंडोल असतात. हे सारे त्रस जीव. गवत संपले की ते कोणाच्या हातून मारले जात नाहीत, परंतु नाहीसे होतात. दुसरी गोष्ट अशी की, माळावर खड्डे खणून रोपे लावणे हे कार्य निरपवाद अहिंसेचे आहे, असा समज दृढ झाला आहे. खड्डा खणताना पृथ्वीकायाची आणि त्या जागच्या गवताची, कीटकांची विराधना होतेच. प्रश्न हिंसा आहे की नाही एवढाच राहत नाही. ती कशासाठी, किती आणि कोणत्या विवेकाने, हे पाहावे लागते. स्वयंपाकातील, शेतीतील आरंभी हिंसा गृहस्थाला टाळता येत नाही. यतना मात्र पाळता येते.

आणि कोळशाबाबत एक व्यवहार्य वाट आहे. वेड्या बाभळीच्या शेंगा गोळा करून त्या दळल्या तर बी भरडले जाते, उगवण्याची शक्ती संपते आणि उरतो तो पौष्टिक पेंडीसारखा भरडा, जो इतर चाऱ्यात मर्यादित प्रमाणात मिसळून जनावरांना देता येतो. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने आणि कच्छमधील काही स्वयंसेवी संस्थांनी हे प्रयोग केले आहेत. शेंगा अख्ख्या न घालता दळून घालणे, हा एवढासा बदल पांजरापोळींनी जरी केला तरी झाडाचा प्रसार पुष्कळ अंशी थांबतो. यात विस्तव नाही, कुऱ्हाड नाही. शेंगा वेचणाऱ्या स्त्रियांच्या हाती मजुरी पडते, हा आणखी एक लाभ.

आता पुनरुज्जीवनाकडे वळू. कुरण परत आणणे म्हणजे झाड काढणे एवढेच नव्हे. झाड काढणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग आहे. वेड्या बाभळीचे डोळे जमिनीच्या पृष्ठभागाच्या थोडेसे खाली, मुळाच्या माथ्याजवळ असतात. तेवढा गड्डा निघाला नाही तर एका खोडाच्या जागी दहा धुमारे फुटतात आणि जागा पूर्वीपेक्षा दाट होते. यंत्राने गड्डा काढला की जमीन उलथीपालथी होते. ती सपाट करावी लागते, पाणी साचेल अशा उथळ जागा राखाव्या लागतात, आणि पहिल्या पावसापूर्वी स्थानिक गवताचे बी टाकावे लागते. काही ठिकाणी बी टाकण्याचीही गरज पडत नाही. जुने बी आणि शेजारच्या कुरणातील वारा हे काम करतात. पहिल्या वर्षी बहुधा रानटी वर्षायू तणेच उगवतात आणि पाहणाऱ्याची निराशा होते. मारवेल, अंजन यांसारखी बहुवर्षायू गवते पाय रोवायला वेळ घेतात. त्या काळात जनावर आत सोडायचे नाही. पुढे मात्र सोडायचे, कारण चराई कायमची बंद केलेले कुरणही बिघडते. वाळलेल्या गवताचा थर साचून नवा कोंभ दडपला जातो. किती जनावरे, कोणत्या महिन्यात, किती दिवस, हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि मालधाऱ्याच्या डोक्यात पुष्कळ आहे.

बन्नीत गावकऱ्यांनी, वनविभागाने आणि संशोधकांनी गेल्या दीड-दोन दशकांत अशी राखीव क्षेत्रे तयार केली आहेत. ज्या ठिकाणी झाड मुळासकट काढले गेले तेथे गवताचे उत्पादन स्पष्टपणे वाढलेले दिसते. पण या यशातच नवे संकट दडलेले होते. वेडी बाभूळ आपल्या मुळांवरील गाठींतून मातीत नत्र साठवते. तिच्याखालची माती काही काळ पूर्वीपेक्षा सुपीक असते. झाड निघाले की त्या जमिनीवर शेतकऱ्याचा डोळा जातो. कुंपणे पडू लागली, नांगर फिरू लागला. बन्नी ही १९५५ पासून कागदोपत्री संरक्षित वन, व्यवहारात सामाईक कुरण आणि कोणाच्याही सातबाऱ्यावर नसलेली जमीन. २००८ साली पशुपालकांनी आपली संघटना उभी केली होती. २०१८ मध्ये तिने या अतिक्रमणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. चरणाऱ्यांनीच कुरण वाचवण्यासाठी न्यायालयात जावे, ही घटना आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही. चराई हा कुरणाचा शत्रू, हे शाळेपासून मनावर बिंबवलेले सूत्र तिने खोटे ठरवले आहे.

कच्छ दूर आहे, असे कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्रातील माळरानांची कहाणी याहून फार वेगळी नाही. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ साली भारताच्या तृणावरणाचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दख्खनचे पठार पवना आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात मोडते. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील भागात हा पट्टा पसरलेला आहे. मराठी भाषेत त्यासाठी शब्दांची वाण नाही: माळ, कुरण, गायरान, पडीक, बरड. त्यांपैकी ‘पडीक’ हाच शब्द महसुली दप्तराने उचलला आणि त्याने मोठे नुकसान केले. जी जमीन महसूल देत नाही ती वाया गेलेली, ही इंग्रजांची समजूत स्वातंत्र्यानंतरही कायम राहिली. पडीक म्हटले की तेथे काहीतरी लावलेच पाहिजे, असे वाटू लागते.

सोलापूरजवळील नान्नजचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे त्या माळढोकासाठी १९७९ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. माळढोक मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि चहूबाजूंनी दूरवर दिसत राहणे हेच तिचे संरक्षण असते. आजूबाजूला झाडे दाटली की तिची नजर अडते आणि शिकारी पक्ष्याला बसायला फांदी मिळते. तरीही अवर्षणप्रवण क्षेत्राच्या विकासाच्या नावाखाली या भागात गिरीपुष्पासारख्या मेक्सिकोकडील झाडांची लागवड झाली. हेतू वाईट नव्हता; हिरवळ दिसावी एवढाच होता. पुढे चूक उमगली आणि काही भागांतील झाडे काढून गवत वाढवण्याचे काम हाती घेण्यात आले. तोपर्यंत विजेच्या तारा, रस्ते, ऊस आणि वस्ती यांनी माळ चहूकडून आवळला होता. देशभरात माळढोक आता दीडशेच्याही आत असावेत असे मानले जाते आणि नान्नजच्या अलीकडच्या गणनांत काही वर्षी तर एखादाच पक्षी दिसला. काळवीट, लांडगा, खोकड हे अजून आहेत.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २ कोटींपासून ३३ कोटींपर्यंत उद्दिष्ट वाढत गेले. यांतील पुष्कळ रोपे योग्य जागी लागली असतील. परंतु गावाजवळ मोकळी जागा म्हणजे गायरान, हे समीकरण असल्याने कित्येक ठिकाणी जिवंत कुरणात खड्डे पडले. अनेक धार्मिक, सामाजिक संस्थांनीही वर्धापनदिनी, दीक्षादिनी, पुण्यतिथीला अशाच माळांवर वृक्षारोपण केले आहे आणि त्याची छायाचित्रे स्मरणिकांत छापली आहेत. गवताच्या काडीचा फोटो चांगला येत नाही, ही गवताची खरी अडचण आहे. डोंगरउतार, ओढ्याकाठ, रस्त्याकडेला वड, पिंपळ, करंज, कडुनिंब अवश्य लावावेत. उथळ मुरमाच्या माळावर मात्र रोप जगवण्यासाठी टँकरने पाणी घालायची वेळ आली, तर तेथे झाडाची जागा आहे का, असा प्रश्न विचारायला हरकत नसावी. जमिनीत कार्बन साठवण्याचे जे काम झाडाकडून अपेक्षित असते ते गवतही करते, आणि त्यातील बराचसा भाग मुळांत व मातीत ठेवते. वणवा लागला तरी तो साठा पुष्कळसा सुरक्षित राहतो.

विदर्भातील वाशिम-अकोला भागातील फासेपारधी समाजाचे काम येथे आवर्जून सांगावेसे आहे. पिढ्यान् पिढ्या शिकारीवर जगलेला, इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेला हा समाज. त्यातील काही वस्त्यांनी एका स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने शिकार थांबवली आणि गावाजवळचे उजाड माळ राखायला घेतले. गवतांच्या जाती, पक्ष्यांची घरटी, ससा कोणत्या गवतात दडतो, तित्तिर कोणते बी खातो, हे ज्ञान त्यांच्याकडे होतेच. पूर्वी ते फासे लावण्यासाठी उपयोगात येत होते, आता राखणीसाठी येऊ लागले. गवत परतले, पक्षी परतले, आणि कापलेल्या चाऱ्यातून थोडे उत्पन्नही मिळू लागले. हिंसेचा त्याग केवळ प्रतिज्ञेने होत नाही, त्याला पर्यायी उपजीविकेची जोड लागते, हे जैन संस्थांना वेगळे सांगायला नको. आणि तरीही देणगीच्या वहीत या प्रकारच्या कामाचे खाते अजून फार थोड्या संस्थांनी उघडले आहे.

अशा कामाला लागते किती? खर्चाचा मोठा भाग यंत्राचा नसतो, राखणदाराचा असतो. एका माळावर चार-पाच वर्षे, पावसाळ्याचे चार महिने, कोणीतरी रोज फेरी मारावी लागते. घुसलेली शेळी बाहेर काढावी लागते, शेजारच्या गावाशी बोलावे लागते, दिवाळीनंतर जाळरेषा घ्यावी लागते, पिकलेले बी वेचून ठेवावे लागते. पांजरापोळीला दरवर्षी बाहेरून विकत आणावा लागणारा चारा आणि तिच्याच गावच्या गायरानावर उगवू शकणारा चारा यांचा हिशेब एकाच वहीत मांडून पाहिला, तर विश्वस्तांना तो पटण्यासारखा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात चारा छावण्या लागल्या, तेव्हा कित्येक छावण्यांच्या अवतीभवती वेड्या बाभळीने भरलेली गायराने होती. जनावरे ऊस आणि विकतच्या पेंडीवर जगवली जात होती.

जिथे झाड काढायचेच आहे तिथे उन्हाळ्याच्या अखेरीस, पक्ष्यांची घरटी नाहीत याची खात्री करून, लहान लहान तुकड्यांत ते काढावे. एकाच वेळी सारा माळ उघडा करू नये. काढलेल्या जागी पुढची कित्येक वर्षे पावसाळ्यानंतर वेड्या बाभळीची नवी रोपे उगवत राहतात, कारण मातीतले बी दीर्घकाळ जिवंत असते. ती रोपे वीतभर उंचीची असताना, जमीन ओली असताना, हाताने मुळासकट सहज निघतात. वर्षभर थांबले तर कुदळ लागते, तीन वर्षे थांबले तर यंत्र. बन्नीत ज्या गावांनी राखलेले कुरण टिकवले आहे, तेथे दर पावसाळ्यानंतर गावकरी एकत्र जमून ही रोपे वेचून काढतात.